लाँचवर माणसं मोजतं कोण? (जलवाहतूक, शास्ती आणि दंडाची वसुली)

भरती_ओहोटी | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो. आज रागाच्या भरात धागा काढतोय, भाषा तिखट झाली तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी नागपूरच्या मेव्हण्याला समुद्र दाखवायला नेलं होतं. धक्का कुठला, लाँच कुणाची ते लिहीत नाही. मुंबईच्या आसपासचं समजा. येताना शेवटची फेरी. खालचा डेक गच्च, वर बसायचे माणशी दहा रुपये वेगळे, तेही देऊन लोक वर चढतायत. केबिनच्या दाराशी पत्र्यावर रंगाने प्रवासी किती, खलाशी किती ते लिहिलेलं असतं. मला ती पाटीच दिसेना. मग सापडली. लाइफ जॅकेटांचं गाठोडं नेमकं तिच्यावर टांगलेलं होतं. मुलाने गाठोडं सारून वाचलं: प्रवासी ७०. मग तो माणसं मोजायला लागला. ९३ पर्यंत पोचला आणि चहावाला आडवा आला, मोजणी चुकली.

तांडेलाला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला विचारलं, "काका, पासिंग सत्तरचं ना?" त्याने समोरची नजर न हटवता सांगितलं, "साहेब, तिकिटं मी फाडत नाही. आणि फाईन आला तर मालक माझ्याच पगारातून कापतो."

म्हणजे गर्दीचा फायदा मालकाला आणि दंड तांडेलाला. मग तो दंड आहे कशासाठी?

१८ डिसेंबर २०२४ ची नीलकमल आपण विसरलेलो नाही. नौदलाच्या स्पीडबोटीची इंजिन चाचणी चालू होती, तिचा ताबा सुटला आणि ती घारापुरीला निघालेल्या लाँचवर आदळली. १५ माणसं गेली. टक्कर गर्दीमुळे झाली नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो. पण परवानगी ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढ्यांची होती आणि बोटीवर शंभराच्या वर माणसं होती. पाण्यात पडल्यावर प्रत्येक जादा माणसाला एक जादा जॅकेट आणि एक जादा हात लागतो. त्यानंतर काही दिवस गेटवेवर सगळ्यांना जॅकेटं घालूनच बसवत होते. परवा आम्हाला कुणी विचारलंही नाही.

जाणकारांनी सांगावं: कोर्टकचेरी न करता, तिथल्या तिथे, खिशाला झोंबेल असा दंड लावायची काही पद्धत आहे का? बाहेरच्या देशांत काय करतात?

---

मांडवा_मंडळी | रविवार, रात्री ११:०५

+१. मांडव्याच्या बोटीवर सीगल आले की अख्खी पब्लिक एका बाजूला. हातात कुरकुरे, कडेवर पोर आणि दुसऱ्या हातात मोबाईल. बोट कलते आणि लोक टाळ्या वाजवतात.

---

पोटाची_खळगी | रविवार, रात्री ११:२०

दंड वाढवला की हप्ता वाढतो. धागा बंद करायला हरकत नाही. (हलके घ्या)

---

इंजिनरूम_अप्पा | सोमवार, सकाळी ७:१०

बावीस वर्षं बोटींवर काढली, त्यातली बरीचशी पाण्याच्या पातळीखाली. दोन-तीन गोष्टी लिहितो.

आधी सीगलवाल्या प्रतिसादाबद्दल. हसण्यावारी नेऊ नका. बोटीची स्थिरता काढताना माणशी ७५ किलो धरायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. वरच्या डेकवर वीस माणसं जादा घेतली म्हणजे दीड टन वजन सगळ्यात वाईट जागी ठेवलं. आणि हे वजन सिमेंटच्या गोणीसारखं गप्प बसत नाही, डॉल्फिन दिसला की उठून पळतं. ते दहा-दहा रुपये घेऊन वर पाठवणं मला म्हणूनच खटकतं. खाली जागा नसताना तर फारच.

केरळात तानूरला ७ मे २०२३ ला काय झालं आठवा. मासेमारीची बोट बदलून दुमजली प्रवासी बोट केलेली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं, वेळ अंधाराची. २२ जण गेले, त्यात लहान मुलं बरीच. तिथेही कागदावर नियम होते.

आता दंडाचं. मोठ्या जहाजांवर आम्हाला दंडाच्या रकमेची तेवढी भीती नसते. भीती असते डिटेन्शनची, म्हणजे जहाज बंदरातच अडकवून ठेवण्याची. परदेशी बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे बाहेरून आलेली जहाजं तपासणाऱ्या त्या देशाच्या यंत्रणेचा इन्स्पेक्टर चढतो. गँगवेवर (जहाजावर चढायच्या शिडीवर) पाय ठेवल्यापासून त्याची तपासणी सुरू: जाळी नीट बांधली आहे का, खालचा पहारेकरी जागा आहे का. मग इमर्जन्सी फायर पंप चालू करून दाखवा, लाइफबोट खाली सोडून दाखवा. शेरे आकड्यांत असतात. १७ म्हणजे निघायच्या आत दुरुस्त करा. ३० म्हणजे डिटेन. तो तीस बघितला की कॅप्टनचा चेहरा उतरतो, कारण जहाज उभं राहिलं की रोजचं भाडं बुडतं, आणि डिटेन झालेल्या जहाजाचं नाव जगभर यादीत दिसतं. पुढच्या बंदरात तपासणी ठरलेलीच. कंपनीचा फोन तासाभरात येतो, आणि जो पार्ट वर्षभर मागून मिळत नव्हता तो विमानाने येतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. कंपनीचं नाव विचारू नका, पेन्शन नाही पण मैत्री आहे.

म्हणून माझं मत: लाँचला पन्नास हजार दंड करण्यापेक्षा तिला ऐन सीझनच्या शनिवार-रविवारी धक्क्याला बांधून ठेवा. पाटी लावा, 'जादा प्रवासी घेतल्यामुळे दोन दिवस बंद'. शेजारची लाँच भरून जाताना मालकाला बघू दे.

---

बिस्केन_बेकर | सोमवार, सकाळी ८:३३

मायामीहून लिहितोय. इथली पद्धत प्रवासी म्हणून अनुभवली, तीही लाज वाटावी अशा प्रकारे.

मित्राची पन्नाशी. आम्ही अकरा जण, सगळे मंडळातले. ऑनलाइन एक यॉट ठरवली, चार तास, स्वस्तात. निघायच्या आधी धक्क्यावर कॅप्टनने फोन पुढे केला, इथे बोटाने सही करा. कुणी वाचतंय? सही केली. मग म्हणतो, कुणी विचारलं तर सांगा की बोट तुम्ही भाड्याने घेतली आहे आणि मला तुम्हीच नोकरीला ठेवलं आहे. आमच्यातल्या एका काकांनी तेव्हाच मराठीत विचारलं, "हा आपल्याला खोटं बोलायला का शिकवतोय?" आम्ही त्यांना गप्प केलं.

तासाभरात केशरी पट्ट्याची कोस्ट गार्डची बोट बाजूला आली. अगदी नम्रपणे वर आले आणि आम्हाला वेगवेगळं घेऊन एकच प्रश्न विचारला: पैसे कुणाला दिले आणि कॅप्टन कुणी निवडला? काकांनी सरळ सांगितलं. सहल तिथेच संपली, आम्हाला किनाऱ्यावर परत नेलं, केक पार्किंगमध्ये कापला.

नंतर शोधलं तेव्हा कळलं. पैसे घेऊन नेत असाल तर तपासणी न झालेल्या लहान बोटीवर जास्तीत जास्त सहा प्रवासी. सातवा आला की कोस्ट गार्डचं तपासणी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटायला हे लोक 'बेअरबोट' करार करतात, म्हणजे नुसती बोट भाड्याने दिली, चालवणारा तुमचा. त्यातही बारा प्रवाशांची मर्यादा आहे, आणि कॅप्टन खरोखर तुम्ही निवडलेला असावा लागतो. आम्हाला तर त्याचं आडनावही माहीत नव्हतं.

ही बहुतेक प्रकरणं दंडाची, आणि तो दिवाणी. फौजदारी कोर्ट नाही. कोस्ट गार्डचाच एक हिअरिंग ऑफिसर असतो, पण प्रकरण आणणाऱ्या तुकडीशी त्याचा संबंध नसतो. कागदपत्रं बघून, मागितली तर सुनावणी घेऊन तो रक्कम ठरवतो. किरकोळ बाबतीत तर तिकीटच फाडतात, ४५ दिवसांत भरा किंवा नाकारा. नाकारलंत तर हिअरिंग ऑफिसरपुढे चला. हिअरिंग ऑफिसरचा निर्णय पटला नाही तर वर अपील. निष्काळजीपणे बोट चालवण्याचा दंड मूळ कायद्यात हौशी बोटीला ५,००० आणि इतर बोटींना २५,००० डॉलरपर्यंत आहे, आणि महागाईप्रमाणे दरवर्षी सुधारतात. सगळ्यात जालीम म्हणजे बंदराच्या कॅप्टनचा (हा बोटीचा कॅप्टन नव्हे, कोस्ट गार्डचा बंदरावरचा अधिकारी) लेखी आदेश, 'ही बोट पैसे घेऊन चालवायची नाही'. तो मोडला तर दंड एक लाख डॉलरच्या वर जाऊ शकतो, आणि प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा. मुद्दाम मोडला तर मात्र फौजदारी.

प्रवाशांना दंड नव्हता. आमचे पैसेही परत मिळाले नाहीत.

---

मांडवा_मंडळी | सोमवार, सकाळी ८:५१

केक पार्किंगमध्ये! काकांना दंडवत सांगा.

---

दाव्याचा_कागद | सोमवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्रुटी असतील तर सांगा.

धाग्यात तीन गोष्टींची मिसळ होतेय. शिक्षा, शास्ती आणि भरपाई. पिंपरी-चिंचवडकरांना 'शास्ती' शब्द घरपट्टीच्या बिलावरून पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगते. शिक्षा फौजदारी न्यायालय देतं. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, आणि संशयाचा फायदा आरोपीला. शास्ती अधिकारी लावतो, तिथे कुणाची बाजू जास्त संभवनीय वाटते एवढं पुरतं, तुरुंग नाही. भरपाई म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याला मिळायचे पैसे. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे कंटेनर जहाज बुडालं, त्यानंतर केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज अडकवलं, ते भरपाईचं. शास्ती सरकारजमा होते. बुडालेल्याच्या घरच्यांना तिच्यातून काही मिळत नाही.

आपल्या बंदरातल्या लाँचना लागू होणारा कायदा आधी १९१७ चा होता, आता २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आहे. नावात इनलँड असलं तरी ठरवून दिलेलं भरतीचं पाणी त्यात येतं. नोंदणी, सर्व्हे, कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं, विमा सगळं त्यात आहे आणि महाराष्ट्रात हे काम मेरीटाईम बोर्डाकडे.

देशातला कल आता फौजदारीकडून शास्तीकडे आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी अशाच बदलल्या: कुठे तुरुंगवास काढला, कुठे दंडाची शास्ती केली आणि निर्णयाला अधिकारी नेमला. त्यात दर तीन वर्षांनी किमान रक्कम १० टक्क्यांनी वाढायची सोयही आहे. मला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण आपल्याकडे कायद्यातली रक्कम छापली की पन्नास वर्षं तशीच राहते आणि शेवटी वडापावच्या भावात येते.

शास्तीविरुद्धचा मुद्दाही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. पकडणारा, आरोप ठेवणारा आणि रक्कम ठरवणारा एकाच खात्यातला असला की मालकाला न्याय मिळाल्यासारखं वाटत नाही, आणि बऱ्याचदा मिळतही नाही. बिस्केनकरांनी सांगितलेलं वेगळेपण म्हणूनच महत्त्वाचं आहे.

---

नाखवा_भाचा | सोमवार, सायंकाळी ६:४०

आतापर्यंत गप्प होतो. माझ्या मामाची लाँच आहे. सगळे मालक चोर अशा थाटात चाललंय म्हणून लिहितो.

पावसाळ्यात साधारण तीन महिने धंदा बंद. बँकेचा हप्ता बंद नसतो. लाँच वर ओढायची, लाकूड बदलायचं, रंग, इंजिनाचं काम, सगळं त्याच तीन महिन्यांत आणि सगळं उधारीवर. सर्व्हेची तारीख लांबली तर सीझनचे पहिले आठवडे गेले. शेवटच्या फेरीला धक्क्यावर शंभर माणसं उभी असतात. मामा सत्तर घेऊन दोर सोडायला गेला तर उरलेले तीस शिव्या देतात. एकदा एकाने चालू बोटीत उडी मारली, पाय घसरून दोन बोटींच्या मध्ये गेला असता. त्यातले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी फेसबुकवर लिहितात 'लाँचवाले गुरासारखी माणसं भरतात'.

आणि हो, फाईन पगारातून कापणारे मालक आहेत. मामा कापत नाही. पण आहेत.

अप्पांचं धक्क्याला बांधून ठेवणं मला पटतं, एका अटीवर. तिकीट खिडकीवर आकडा दिसला पाहिजे आणि सत्तरावं तिकीट फाटलं की खिडकी बंद. तिकीट एक जण देणार, बोटीत दुसरा बसवणार आणि दंड तिसरा भरणार, असं किती दिवस?

---

भरती_ओहोटी | सोमवार, सायंकाळी ७:२५

नाखवाभाऊ, मनापासून लिहिलंत, आभार. मीही त्या दिवशी उतरलो नाही हे कबूल करायला हवं. मागे फिरलो असतो तर रात्री घरी कसं पोचणार, हाच विचार मनात होता.

एक हिशेब. तिकीट २५० धरा. वीस माणसं जादा, म्हणजे एका फेरीत पाच हजार. दिवसाला दोन अशा फेऱ्या आणि सीझनचे तीसएक रविवार धरले तर तीन लाख. वर्षात एकदा पकडून दहा हजार दंड केला, तर तो दंड कसला, तो परवाना झाला. स्वस्तातला.

---

इंजिनरूम_अप्पा | सोमवार, रात्री ९:०२

या हिशेबावर जुना उपाय आहे. मालवाहू जहाजाच्या अंगावर लोड लाईन असते, एक गोल आणि आडवी रेघ. प्लिमसॉल नावाच्या खासदाराने ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याने ती रेघ आणवली, कारण मालक जुनी जहाजं ठासून भरायचे आणि विमा काढून ठेवायचे. आजच्या ब्रिटिश नियमात रेघ पाण्याखाली गेली तर मूळ दंड वेगळा आणि बुडालेल्या प्रत्येक पूर्ण सेंटिमीटरला हजार पौंडांपर्यंत वेगळा. म्हणजे जेवढं जास्त भरशील तेवढं जास्त फेड. आपल्याकडे सेंटिमीटरच्या जागी माणूस ठेवा. मर्यादेवर प्रत्येक डोक्यामागे तिकिटाच्या वीसपट, मालकाच्या खात्यातून.

---

सडा_वेंगुर्ला | मंगळवार, सकाळी ९:४८

पट लावायची पद्धत आमच्याकडे मासेमारीत आहेच. पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपट दंड, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. आधी प्रकरणं तहसीलदारांकडे जायची. त्यांच्यामागे निवडणुका, दुष्काळ, मोर्चे, सातबारे. आमच्या फायली तशाच पडायच्या. आता मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यापुढे सुनावणी. एलईडी लावून मासेमारी केली तर ५ ते २० लाख.

फरक पडला का? अर्धा. निर्णय लवकर होतात हे खरं. पण गस्ती बोट एक आणि किनारा एवढा लांब. ती बंदरातून निघाली की पुढच्या बंदरात फोन आधी पोचतो. रात्री सड्यावरून बघितलं तर समुद्रात दिवाळी दिसते, आणि गस्ती बोट पोचेपर्यंत काळोख. वीस लाख हा आकडा पकडलेल्याला, न पकडलेल्याला शून्य.

प्रवासी लाँचचं त्यामानाने सोपं आहे हो. ती पळून कुठे जाणार? त्याच धक्क्यावर येणार. दोन माणसं आणि एक काउंटर पुरे.

---

आजीची_गोधडी | मंगळवार, दुपारी ३:३०

आमच्या आजीचं माहेर रेवसच्या बाजूचं. तिच्याकडे 'रामदास' बोट बुडायच्या आधीचं आणि नंतरचं अशीच कालगणना होती. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, सगळे सणाला घरी निघालेले. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटली आणि काशाच्या खडकाजवळ एका बाजूला कलून गेली. सहाशेच्या वर माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात फेकून माणसं होडीत घेतली, असं आजी सांगायची. पाऊस लागला म्हणून लोक एका अंगाला सरकले, हेही ती सांगायची. वरचं सीगलांचं वाचून तेच आठवलं.

तिच्या वडिलांना त्या बोटीत जागा मिळाली नव्हती. म्हणजे मिळत होती, पण गर्दी बघून ते थांबले. घरात सगळे त्यांना भित्रे म्हणायचे, सकाळी दहापर्यंत.

---

पोटाची_खळगी | मंगळवार, दुपारी ३:५२

वरची थट्टा मागे घेतो.

---

दाव्याचा_कागद | मंगळवार, रात्री १०:१५

भरती_ओहोटी, तुमच्या मूळ प्रश्नावर एक व्यवहाराची गोष्ट. तक्रार करायची तर 'गर्दी होती' असं लिहू नका, त्याला कचऱ्याची टोपली. लाँचच्या पुढच्या अंगावर रंगवलेलं नाव आणि नोंदणी क्रमांक, फेरीची वेळ, पाटीवरच्या मर्यादेचा फोटो आणि त्याच फेरीतला डेकचा फोटो. तिकीट जपून ठेवा. पोच घ्या. महिनाभराने त्या तक्रारीवर काय केलं हे माहिती अधिकारात विचारा, आणि विचारताना दंड 'कुणाकडून वसूल केला' हेही विचारा. मालक की तांडेल, ते कागदावर येऊ दे.

---

भरती_ओहोटी | बुधवार, सकाळी ७:०५

पाटीचा फोटो मुलाने काढला होता, गाठोडं धरलेला त्याचा हातही त्यात आहे. डेकचा फोटो मेव्हण्याच्या सेल्फीत मिळाला, मागे माणसंच माणसं. तिकिटाने घोटाळा केला. त्याची बोट करून पोराने येताना समुद्रात सोडली होती.

पण मेव्हण्याने पैसे फोनवरून भरले होते, वेळेसकट नोंद आहे. आज अर्ज लिहायला बसतोय. तांडेलाचं नाव त्यात टाकणार नाही.

---

नाखवा_भाचा | बुधवार, सकाळी ७:४०

अर्जात दहा रुपयेवाल्या वरच्या डेकचंही टाका. मामा म्हणतो, त्याचा हिशेब कुठल्याच तिकीट पुस्तकात नसतो.